चेंबरचा नट गळतोय? आधी पाना खाली ठेवा

तीन वर्षांपूर्वीची रविवारची दुपार. इमारतीच्या मागच्या अंगणात मी गाडीखाली उताणी पडले होते आणि चेंबरच्या, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याच्या, तेल काढायच्या नटाला रिंग पाना लावला होता. नट गळत होता, म्हणून आवळत होते. हाताचा जोर पुरेना तेव्हा पान्याच्या दांड्यावर दीड फुटाचा नळाचा पाइप चढवला आणि अंगाचा भार टाकला. 'कट्' असा बारीक आवाज आला, पाना सैल पडला, आणि मला वाटलं, बसला एकदाचा. बसला कसला, आटे गेले होते. आदल्या दिवशीपर्यंत रुपयाएवढा पडणारा डाग सकाळी ताटाएवढा झाला होता.

पुढचे दहा दिवस गाडी जागची हलली नाही आणि सोसायटीच्या ग्रुपवर माझ्या डागाचे फोटो फिरले. त्या दहा दिवसांत जे शिकले आणि त्यानंतर दर वेळी तेल बदलताना जे करते, ते सगळं इथे लिहून काढते आहे.

गाडी म्हणजे आमची प्रीमियर पद्मिनी, १९८४ ची. अण्णांनी घेतली तेव्हा मी पाच वर्षांची होते. ठाण्यातल्या चरईतून जवळच्या तलावपाळीपर्यंतही चालत जायचं नाही, असा तेव्हा आमचा तोरा होता. अण्णा वागळे इस्टेटमध्ये टूलरूमला होते, त्यामुळे गाडीबरोबर त्यांची हत्यारांची पेटीही माझ्याकडे आली. मी शाळेत गणित शिकवते. मेकॅनिक नाही, पण पाना कुठे धरायचा ते आता कळतं.

फियाट ११०० चं १०८९ सीसीचं इंजिन असलेली ही गाडी कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची. मुंबईत तिची टॅक्सी होती तोवर ठाण्यातही दर दोन नाक्यांआड पद्मिनी कोळून प्यायलेला एखादा मिस्त्री सापडायचा. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. आता एखाद्या गॅरेजात गाडी नेली की पोरं आधी तिच्यासोबत सेल्फी काढतात आणि मग विचारतात, 'मॅडम, बोनेट कुठून उघडतं?' म्हणून तेलाच्या नटाएवढं काम तरी आपल्याला यायला हवं. आणि हे काम फक्त पद्मिनीचं नाही. अँबॅसेडर असो की जुनी जीप, तेल खाली चेंबरमध्येच साठतं आणि चेंबरच्या तळाला एक नट असतोच. पुस्तकात त्या भागाला ऑइल संप म्हणतात, गॅरेजात चेंबर. मी चेंबरच म्हणणार.

गळतोय तो नटच का?

नटाच्या टोकाला थेंब लोंबतोय म्हणजे नटच गळतोय, असं धरून चालू नका. इंजिनाखालची सगळ्यात खालची जागा बहुधा हीच असते. वरून कुठूनही तेल झिरपलं तरी ओघळत ओघळत ते इथेच येतं आणि इथूनच टपकतं. पावसात गॅलरीच्या कठड्याखालून थेंब पडतात, म्हणून भोक कठड्याला आहे असं आपण म्हणत नाही.

पद्मिनीच्या बाबतीत माझा पहिला संशय टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या, पॅकिंगवर असतो. ते बुचाचं असेल तर वर्षानुवर्षं तापून बिस्किटासारखं कडक होतं. मग इंजिनाच्या बाजूला बसवलेला पेट्रोल पंप आणि त्यामागचं पॅकिंग. मग चेंबरचं स्वतःचं पॅकिंग. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडलेत तिथून तेल येत असेल, तर मागचं सील गेलं असं समजा. ते वेगळं आणि मोठं दुखणं आहे, नट बदलून जाणार नाही.

शोधायचं कसं, तर आधी सगळं स्वच्छ करायचं. पूर्वी रॉकेलचा ब्रश मारायचो. आता रॉकेल मिळत नाही, मी वाटीभर डिझेल वापरते. इंजिन पूर्ण थंड हवं आणि आसपास कोणी सिगरेट ओढत नसावं. टॅपेट कव्हरच्या कडेपासून खाली चेंबरपर्यंत ब्रशने घासा, फडक्याने पुसा, तासभर वाळू द्या. मग साधी टाल्कम पावडर घेऊन नटाभोवती, चेंबरच्या कडेला आणि वरच्या बाजूला हलकेच फुंका. पांढरा पातळ थर बसला पाहिजे. गाडी एकदा फिरवून आणा. मी उपवन तलावापर्यंत जाऊन येते, इंजिन नीट तापतं आणि संध्याकाळी तिथे बरंही वाटतं. परत आल्यावर खाली पुठ्ठा पसरा आणि बॅटरी घेऊन आत बघा. तेल जिथून निघतं तिथे पावडरीवर काळी रेघ उमटलेली असते. रेघ वरून खाली येत असेल तर नट निर्दोष आहे. वरची पावडर कोरडी आणि फक्त नटाच्या डोक्याभोवती ओलं कडं दिसलं, तर चोर सापडला.

तिसरीही एक शक्यता आहे. नट ज्यात बसतो तो जाड गोल भाग चेंबरच्या पत्र्याला जोडलेला असतो. एखाद्या स्पीडब्रेकरवर चेंबर घासलं असेल किंवा कोणी माझ्यासारखा पाइप लावून नट पिळला असेल, तर त्या गोल भागाच्या कडेला केसाएवढी चीर पडते. तेव्हा ओल वायसरच्या, म्हणजे नटाच्या डोक्याखालच्या चकतीच्या, ओळीत नसते, त्याच्या थोडी वर असते. ही चीर असेल तर जगातलं कुठलंही वायसर काही करू शकणार नाही. वरून एम-सील थापणारे महाभाग आहेत. तेल लागलेल्या पत्र्यावर ते किती दिवस टिकणार?

गळती किती आहे, तेही मोजा. तेलाचे साधारण ३० थेंब म्हणजे १ मिली धरा. मिनिटाला एक थेंब पडत असेल तर दिवसाचे १४४० थेंब, म्हणजे ४८ मिली. तीन आठवड्यांत लिटरभर तेल गेलं. माझ्या गाडीचा सुरुवातीला चार मिनिटांना एक थेंब पडायचा, म्हणजे महिन्याला ३६० मिली. एवढ्यासाठी आठवड्याला डिपस्टिक, म्हणजे तेलाची पातळी दाखवणारी पट्टी, बघितली असती तरी भागलं असतं. चाळीस वर्षांच्या इंजिनाला थोडा घाम येणारच. पुठ्ठ्यावर रात्रीत एखादा थेंब दिसत असेल तर पुढच्या वेळी तेल बदलाल तेव्हा वायसर बदला, आज गाडीखाली शिरायची गरज नाही.

गाडीखाली जाण्याआधी

यात मस्करी नको. गाडी नुसत्या जॅकवर असताना तिच्याखाली डोकं घालायचं नाही, एका मिनिटासाठीही नाही. गाडी पेलून धरणाऱ्या दोन लोखंडी घोड्या घ्या आणि त्या बॉडीच्या मजबूत भागाखाली लावा, चेंबरखाली कधीच नाही. विटांची चळत लावू नका, वीट न सांगता फुटते. आमच्याकडे खाली पेव्हर ब्लॉक आहेत आणि वजन आलं की ते दबतात, म्हणून जॅक आणि घोड्यांखाली प्लायचे जाड तुकडे घालते. मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे. जुन्या गाडीच्या हँडब्रेकवर माझा विश्वास नाही. घोड्या लावल्यावर गाडीला चारही बाजूंनी हात लावून हलवून बघा. हलली तर तेव्हाच हलू दे, तुम्ही खाली असताना नको.

आणि घरात कोणाला तरी सांगून या की मी गाडीखाली आहे.

तेल काढताना

इंजिन पाच-सात मिनिटं चालवा, तेल कोमट झालं की बंद करा. कोमट तेल पातळ होतं आणि गाळ घेऊन बाहेर पडतं. नुकतीच घोडबंदर रोडवरून आलेली गाडी असेल तर मात्र तासभर थांबा, कारण ते तेल हात भाजेल इतकं गरम असतं. वरचं तेल भरायचं झाकण उघडं ठेवा, म्हणजे धार नीट पडते. खाली पसरट घमेलं. हातात रबरी मोजे घाला, वापरलेलं तेल कातडीला चांगलं नाही.

पाना निवडताना कंजूषी नको. दोन जबड्यांचा उघडा पाना वापरलात तर नटाचे कोपरे गोल होतात, मग तो कशालाच दाद देत नाही. सहा कोनी बॉक्स किंवा नीट बसणारा रिंग पाना हवा. काही नटांना बाहेर डोकं नसतं, आत सहा कोनी खाच असते. त्याला अॅलन की लागते. खाचेतला चिखल आधी टोच्याने उकरून काढा, नाहीतर की अर्धीच बसते आणि घसरते.

फिरवायचं कुठल्या दिशेने? हसू नका. उताणं पडून वर बघताना भल्याभल्यांचा गोंधळ होतो आणि सोडवायचा म्हणून नट आणखी आवळला जातो. नटाच्या डोक्याकडे तोंड करा आणि घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा. हलत नसेल तर डोक्यावर हातोडीने दोन-चार हलक्या चापट्या मारा, गंज सोडवायचं तेल लावा, चहा पिऊन या. ज्योत लावू नका, आत तेल आहे.

सैल झाल्यावर शेवटचे आटे बोटांनी काढा. नट वर दाबून धरत फिरवा आणि आटे संपले की एका झटक्यात हात बाजूला घ्या. तरीसुद्धा पहिल्या खेपेला तेल कोपरापर्यंत येणार, आणि नट घमेल्यात पडणार. मग त्या काळ्या तेलात तो चाचपडत बसायचं. माझं दर वेळी असंच होतं.

तेल निथळायला अर्धा तास द्या. गाडी पुढून उचलली असेल तर तेल मागे सरकतं. तुमचा नट चेंबरच्या पुढच्या टोकाला असेल तर निथळताना गाडी सपाट असलेली बरी. तोवर निघालेल्या तेलाकडे बघा. काळं असणं ठीक आहे. दुधाळ, चहासारखं दिसत असेल तर आत पाणी शिरलंय. बोटांवर चोळल्यावर धातूची कचकच लागली तर इंजिनाची गोष्ट वेगळी आहे, आणि ती नटापेक्षा महाग आहे.

सगळा खेळ वायसरचा

आता मुख्य गोष्ट. नट दोन जातींचे असतात. एक सरळ आट्यांचा, म्हणजे वरपासून खालपर्यंत एकाच जाडीचा, डोक्याखाली सपाट कॉलर असलेला. याचे आटे तेल अडवत नाहीत, ते फक्त नट ओढून धरतात. तेल अडवतं ते कॉलर आणि चेंबरच्या मध्ये दबलेलं वायसर. दुसरा निमुळत्या आट्यांचा, टोकाकडे बारीक होत गेलेला. हा आट्यांमध्येच घट्ट रुतून तेल अडवतो, त्याला वायसर लागत नाही. तुमचा कुठला ते व्हर्निअरने वरच्या आणि टोकाच्या आट्याची जाडी मोजून बघा. निमुळत्या नटाखाली कोणी प्रेमाने वायसर घातलं असेल तर तो पूर्ण रुतत नाही आणि गळतो. सरळ नटावर कोणी नळाची पांढरी टेफ्लॉन टेप गुंडाळली असेल, तर तीही काढून फेका. तिने काही अडत नाही, उलट तिचे तुकडे सुटून आत तेलाच्या पंपाच्या जाळीत जाऊन बसतात. चाळीस वर्षांत गाडी किती हातांतून गेली आणि कोणी कुठला नट घातला याचा नेम नसतो. त्यामुळे 'पद्मिनीचा नट द्या' असं दुकानात जाऊन म्हणू नका. जुना नट खिशात घालून घेऊन जा.

माझ्या गाडीत काय सापडलं सांगते. नट काढला तर त्याच्यासोबत एक फायबरचं तपकिरी वायसर आलं, अर्धं चुरा झालेलं. मी चेंबरचं तोंड फडक्याने पुसलं. पुसताना एका जागी पिवळट-लाल चमक दिसली. नखाने खरवडलं तर ते चेंबर नव्हतंच, तिथे चिकटून काळं पडलेलं तांब्याचं वायसर होतं. पातळ स्क्रूड्रायव्हरने अलगद उचललं तर त्याच्यावर आणखी एक, अॅल्युमिनियमचं, दबून पापड झालेलं. म्हणजे तीन वेळा तीन जणांनी जुनं वायसर निघालंय की नाही हे न बघता नवीन चढवलं होतं, आणि चौथी मी, त्या तीन मजल्यांवर पाइप लावून जोर काढत होते. तीन वायसर म्हणजे तेलाला निसटायला चार फटी. आवळून आवळून त्या फटी बंद होत नव्हत्या, आटे मात्र ताणले जात होते. म्हणून गॅरेजवाल्याने काम केलं तरी मी आता विचारते, जुनं वायसर दाखवा.

तेव्हा तोंड नखाने चाचपून बघा. चेंबरचा खराखुरा पत्रा लागेपर्यंत थांबू नका. तिथे ओरखडा किंवा कड उभी राहिली असेल तर बारीक तेलदगड सपाट धरून हळू घासा. पॉलिश पेपर तिथे वापरू नका, त्याचे कण आत जातात. नटाची कॉलर मात्र बाहेर आहे, तिला काचेवर ठेवलेल्या ४०० नंबरच्या पेपरवर तेलाचा थेंब टाकून आठचा आकडा काढत घासा. चारही बाजूंनी सारखी चमक आली की झालं.

वायसर फायबरचं किंवा अॅल्युमिनियमचं असेल तर एकदाच वापरायचं, नंतर फेकून द्यायचं. मला तांब्याचं आवडतं. ते डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्यांकडे सगळ्या मापांत मिळतं, कारण डिझेलच्या नळ्यांना तेच लागतं. आतलं भोक आट्यांवरून जेमतेम सरकेल असं आणि बाहेरची कड कॉलरच्या आतच राहील असं घ्या. मोठं घेतलं तर कडेने वाकतं आणि गळतं.

पण तांब्याचा एक स्वभाव आहे. दाबलं, ठोकलं, वाकवलं की ते कडक होतं. एकदा दबलेलं वायसर पुन्हा घातलं तर ते बारीकसारीक खाचांत रुतत नाही. ते मऊ करायला तापवावं लागतं. अण्णा हे काम स्वयंपाकघरात करायचे, मीही तिथेच करते. वायसरचं तेल पुसून घ्यायचं, नाहीतर धूर होतो. तारेत ओवून पकडीने गॅसच्या निळ्या ज्योतीच्या टोकाशी धरायचं आणि दिवा मालवायचा. दिवा मालवायचा कारण तांबं साधारण ६०० अंशांना मंद लाल दिसतं आणि तो लालपणा ट्यूबलाइटखाली कळतच नाही. विझत आलेल्या उदबत्तीसारखा रंग आला की दहा सेकंद धरा आणि वाटीतल्या पाण्यात सोडा. चर्र होतं आणि काळी साल सुटते. लोखंड असं बुडवलं तर कडक होईल, तांब्याचं तसं नाही. तापवल्यानेच ते मऊ झालेलं असतं, पाण्याने फक्त काजळी निघते. राहिलेली काळी छटा चिंचेच्या कोळाने घासा, देवाची भांडी घासतो तशी. झालं की नाही हे ऐकून कळतं. तापवण्याआधी फरशीवर टाकलं तर 'टिण्ण' वाजतं, नंतर 'टप्प'. आईचं म्हणणं एवढंच असतं, 'उद्या दूध त्याच गॅसवर तापवायचंय, बर्नर पुसून ठेव.'

आवळणं

आट्यांतला जुना गाळ फडक्याच्या पिळाने काढा. नटाचे पहिले चार-पाच आटे बोटांनीच लागले पाहिजेत. पहिल्याच फेऱ्याला पाना लावावा लागत असेल तर नट तिरका जातोय, थांबा, काढा, पुन्हा सरळ लावा. नट बोटांनी पूर्ण बसला, वायसर टेकलं, की पाना घ्या. दांडा टोकाला धरू नका, मध्यावर धरा. मनगट आणि कोपर, एवढाच जोर. खांदा आणायचा नाही. आधी थोडं मऊ, लोण्यात सुरी गेल्यासारखं लागतं. ते वायसर दबतंय. मग एकदम घट्ट लागतं. तिथे थांबा. साधारण पाव फेऱ्याच्या आतबाहेर हे होतं. तुमच्याकडे गाडीचं मॅन्युअल आणि टॉर्क पाना, म्हणजे किती जोर लागला ते दाखवणारा पाना, असेल तर त्यातला आकडा माझ्या मनगटापेक्षा खरा.

आता गाडी घोड्यांवरून उतरवून सपाट जागी घ्या आणि वरून तेल भरा. पद्मिनीला मी २०डब्ल्यू-४० घालते. आजच्या गाड्यांचं पातळ तेल 'भारी' म्हणून कोणी गळ्यात मारेल, पण जुन्या बुचाच्या पॅकिंगमधून ते सहज वाट काढतं. डिपस्टिकवर वरच्या खुणेच्या किंचित खाली थांबा. जास्त भरलं तर गळायला आणखी निमित्त. इंजिन दहा मिनिटं चालवा, बंद करा, नट कोरड्या बोटाने फिरवून पुसा. पुन्हा दुसऱ्या दिवशी सकाळी, थंड असताना पुसा. बोट कोरडं राहिलं पाहिजे. आणि तेल काढल्याशिवाय 'अजून थोडा आवळून बघू' हा विचार आला तर पाना पेटीत ठेवून पेटीला कुलूप लावा.

आटे गेलेच असतील तर

ओळखायचं असं. नट घट्ट होता होता मध्येच पुन्हा सैल होतो, फिरवत राहिलं तर फिरतच राहतो. काढल्यावर त्याच्या आट्यांत धातूचे बारीक कुरळे धागे अडकलेले असतात.

फक्त पहिला-दुसरा आटा चेपला असेल तर योग्य मापाचा टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, हाताने फिरवून साफ होतो. टॅपच्या खाचांत ग्रीस भरा, म्हणजे कीस त्यातच चिकटतो. तरी शेवटी पावशेर स्वस्त तेल वरून ओतून खालून वाहू द्या. आटे पूर्णच गेले असतील तर बाजारात किंचित जाड, स्वतःच आटे पाडत जाणारा नट मिळतो. तो तात्पुरता. गावाहून ठाण्यापर्यंत गाडी आणायला ठीक आहे, कायमचा ठेवलात तर पुढच्या दोन-तीन वेळांत तोही हार मानतो. तारेच्या गुंडाळीसारखं हेलिकॉइल लोक सुचवतात. बाकी ठिकाणी ते उत्तम, पण इथे तेल त्या गुंडाळीच्या बाहेरून गोल गोल वाट काढत खाली येऊ शकतं.

मी चेंबर उतरवलं. खरं तर कळव्याच्या एका मिस्त्रींकडून उतरवून घेतलं. ते घरी, पाठीवर पडून करायचं काम नाही. मग चेंबरला चुंबक लावून बघितलं. चिकटलं, म्हणजे लोखंडी पत्रा, म्हणजे झाळ बसेल. चिकटलं नाही तर अॅल्युमिनियम, त्याचं वेल्डिंग वेगळं आणि त्याला कारागीरही वेगळा. चेंबर सोड्याच्या गरम पाण्याने आतून-बाहेरून धुतलं आणि वागळे इस्टेटमध्ये एका लेथवाल्याकडे घेऊन गेले. त्याने भोकात बोट फिरवलं आणि विचारलं, 'मॅडम, कोणाचा राग काढलात नटावर?'

त्याने जुनं भोक मोठं करून त्यात लोखंडाचं नवीन बुश, म्हणजे जाड गोल कडं, बसवलं, आतून पितळेचा झाळ दिला आणि बुशमध्ये १४ मिमी, १.५ पिचचे, म्हणजे दोन आट्यांत दीड मिमी अंतर असलेले, आटे पाडले. माप मी सांगितलं होतं. आजच्या कितीतरी गाड्यांच्या चेंबरला हेच माप असतं, त्यामुळे नट आणि वायसर कुठल्याही स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतो. मूळ मापच हवं असा हट्ट धरणारे लोक आहेत आणि त्यांच्या गाड्या प्रदर्शनात बक्षिसं घेतात. माझी गाडी भाजी आणते. एक सांगितलं नसतं तर राहून गेलं असतं. बुशची कड आतल्या बाजूला वर उभी राहू द्यायची नाही, नाहीतर तेवढ्या उंचीचं घाण तेल दर वेळी चेंबरातच राहतं.

बसवण्याआधीची परीक्षा माझ्या आवडीची. शाळेतून आणलेल्या खडूने झाळेभोवती बाहेरून पांढरं फासलं, नवीन नट वायसरसकट लावला, चेंबर दोन विटांवर ठेवलं आणि आत दोन बोटं डिझेल ओतून रात्रभर सोडलं. डिझेल तेलापेक्षा पातळ, त्यामुळे केसाएवढी चीर असेल तरी सकाळी खडूवर ओला डाग दिसतो. पहिल्या सकाळी तांदळाएवढा एक दिसलाच. पुन्हा वागळेला गेले, त्याने काही न बोलता तेवढ्या जागी झाळ दिला. दुसऱ्या सकाळी खडू कोरडा होता. मग नवं पॅकिंग घालून चेंबर चढलं.

राहिलं ते जुनं तेल. ते गटारात ओतू नका. आपल्याकडची गटारं नाल्यात आणि नाले खाडीत जातात, आणि ठाण्याची खाडी २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे, तिथे हिवाळ्यात फ्लेमिंगो उतरतात. वापरलेलं तेल कायद्यानेही घातक कचरा आहे. जुन्या डब्यात भरून ज्या गॅरेजचं तेल अधिकृत उचलणारे घेऊन जातात तिथे द्या. वाळवी लागू नये म्हणून लाकडाला हे तेल फासायची पद्धत आहे, मी फासत नाही.

पेव्हर ब्लॉकवरच्या डागावर आधी लाकडाचा भुसा टाकून रात्रभर ठेवा, मग कपडे धुण्याची पावडर कोरडीच पसरा, थोडंसं पाणी शिंपडून ताठ ब्रशने घासा. ताजा डाग निघतो. माझा दहा दिवसांचा होता, त्याची पुसट सावली अजून आहे. तळमजल्यावरचे काका रोज सकाळी फिरून आले की गाडीजवळ थांबतात, वाकून खाली बघतात आणि म्हणतात, 'आज नाही.'